लॉगिन होतंय पण डेस्कटॉप कोरा, वर ‘टेंपररी प्रोफाइल’चा मेसेज: डेटा गेलेला नाही, पण आता घाई करू नका

ताई, सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. तुम्ही लिहिलंय की आज सकाळपासून त्याच कोऱ्या डेस्कटॉपवर बसून दोन पत्रिका केल्या आणि तिथंच सेव्ह केल्या. त्या दोन्ही फाइल आत्ताच्या आत्ता डी ड्राइव्हला नाहीतर पेन ड्राइव्हवर टाका. साइन आउट नाही, रीस्टार्ट नाही, आधी कॉपी. टेंपररी प्रोफाइल म्हणजे लॉजची खोली, तुम्ही चावी दिली की झाडून साफ करतात, आणि विंडोज तर रिसायकल बिनमध्येसुद्धा काही ठेवत नाही.

झालं? आता बोलू.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून प्रश्न थोडक्यात. ताईंचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान, एकच कॉम्प्युटर, विंडोज १०. काल दुपारी काम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसनं लगेच मान टाकली. संध्याकाळी लाइट आल्यावर भाचा आला, त्यानं दुकानात काहीतरी ‘नीट करून’ दिलं. आज सकाळी पासवर्ड टाकला तर घेतला, पण डेस्कटॉप रिकामा, क्रोममधलं सगळं गायब, मराठी कीबोर्ड गायब, आणि तुमच्या फाइल इथं दिसणार नाहीत, इथं केलेलं साइन आउट करताना पुसलं जाईल असा मेसेज. डी ड्राइव्हवरची जुनी पत्रिका उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि अगदी शेवटच्या ओळीत, सहज म्हणून, ताईंनी लिहिलंय की भाच्यानं ‘युजर फोल्डरचं नाव बरोबर करून दिलं होतं, मंगाचं मंगल केलं’.

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही पहिली लिहायला पाहिजे होती.

मायक्रोसॉफ्टचा ईमेल वापरून अकाउंट बनवलं की विंडोज तुमच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून देतं. मंगलमधला शेवटचा एल त्यामुळंच उडाला आणि मंगा झालं. दिसायला वाईट दिसतं हे खरं, आणि व्हिडिओ बघून ते बदलायला जाणारी तरुण मंडळी मला दर दोन महिन्यांत एक तरी भेटतात. पण नुसतं फोल्डरचं नाव बदललं की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

प्रोफाइल म्हणजे तीन वस्तू. एक, सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरमधलं तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे. दुसरी, त्याच फोल्डरमध्ये लपलेली ‘एनटीयूजर डॉट डॅट’ नावाची फाइल, जिच्यात तुमच्या सगळ्या सेटिंग्ज असतात, वॉलपेपरपासून कीबोर्डपर्यंत, आणि लॉगिन करताना विंडोज ती फाइल उघडून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या मोठ्या वहीत, जोडतं. तिसरी, रजिस्ट्रीतली नोंद, की या युजरचं फोल्डर अमुक पत्त्यावर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तिसरी वस्तू म्हणजे सातबारा. शेत जागेवरच आहे, विहीर जागेवर आहे, ऊस उभा आहे, पण उताऱ्यावर गट नंबर चुकीचा असेल तर तलाठी म्हणणार असं शेतच नाही. तुमच्याकडं बहुधा हेच झालंय. विंडोज अजूनही ‘मंगा’ शोधतंय आणि तिथं फोल्डर आहे ‘मंगल’.

बहुधा म्हणतोय, कारण तुमच्याकडं संशयित दोन आहेत. लाइट अचानक गेली तेव्हा एनटीयूजर फाइल उघडीच होती, लिहिणं चालू असताना करंट गेला तर ती खराब होऊ शकते. लाइट आल्यावर भाचा यायच्या आधी तुम्ही एकदा तरी नीट लॉगिन केलं होतं का? केलं असेल आणि सगळं दिसलं असेल तर मी पैज लावून भाच्याचं नाव घेईन. नसेल केलं तर दोघांनाही तपासायला लागेल, आणि तपासायची जागा ठरलेली आहे.

स्टार्टवर राइट क्लिक करा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज आपल्या घडामोडींची डायरी तिथं ठेवतं, डावीकडं विंडोज लॉग्ज, त्यात अॅप्लिकेशन. सोर्सच्या रकान्यात युजर प्रोफाइल सर्व्हिस असं लिहिलेल्या आज सकाळच्या लाल-पिवळ्या नोंदी शोधा आणि त्यांचा नंबर बघा. १५११ असेल तर विंडोज म्हणतंय मला फोल्डरच सापडलं नाही, म्हणून टेंपररी देतोय. १५०८ असेल तर फोल्डर सापडलं पण एनटीयूजर फाइल रजिस्ट्रीत लोड होईना, एकतर खराब आहे, नाहीतर परवानगी नाही, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलीय. १५१५ बऱ्याचदा सोबत दिसतो, त्याचा अर्थ जुन्या प्रोफाइलची नोंद बाजूला ठेवलीय, पुढच्या वेळी लॉगिन करताना परत प्रयत्न करीन. १५३० दिसला तर घाबरू नका, तो साइन आउट करताना कुठलं तरी सॉफ्टवेअर रजिस्ट्री सोडत नव्हतं एवढंच सांगतो, चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरपण येतो. नोंदीवर क्लिक केलं की खाली कारणाचं एक वाक्य असतं, लोक नंबर बघून थांबतात आणि ते वाक्य वाचतच नाहीत, खरी माहिती तिथंच असते.

आता दुरुस्ती. पण त्याच्या आधी बॅकअप, आणि यावर मी अडून बसणार, कारण मी स्वतः एकदा शेण खाल्लंय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडं अगदी हाच मेसेज होता, मी आत्मविश्वासानं सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन युजर प्रोफाइल्सच्या यादीतून खराब वाटणारं प्रोफाइल डिलीट मारलं, म्हटलं परत लॉगिन केलं की नवीन बनेल. बनलं की. पण ते बटण नुसती नोंद काढत नाही, फोल्डरसकट उडवतं, हे मला त्या दिवशी कळलं. फोल्डरमधले निम्मेअर्धे फोटो रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं आणले, बाकीचे गेले ते गेले. तेव्हापासून कॉपी झाल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही.

तुमच्या नशिबानं कॉम्प्युटर असेंबल करून देणाऱ्यानं बनवलेलं दुसरं अॅडमिन अकाउंट आहे, भाच्यानं तेच वापरलं असणार, कारण स्वतःच्या अकाउंटमध्ये बसून स्वतःचंच फोल्डर विंडोज बदलू देत नाही. ज्यांच्याकडं दुसरं अकाउंट नाही त्यांच्यासाठी सांगतो, टेंपररी प्रोफाइलमध्ये असलात तरी तुम्ही अॅडमिनच असता, तो हक्क प्रोफाइलमध्ये नसून अकाउंटला असतो, त्यामुळं तिथूनच सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन एक नवीन लोकल अकाउंट बनवता येतं आणि त्याला अॅडमिन करता येतं.

तर पेन ड्राइव्हवर त्या दोन पत्रिका गेल्यात याची खात्री करून रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू नका करू, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननं विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला भाग हायबरनेटसारखा झोपवून ठेवतं, रीस्टार्टमध्येच सगळं खरं खाली येऊन वर जातं. आणि हो, काही वेळा नुसतं दोनदा रीस्टार्ट केल्यानंच प्रोफाइल परत येतं, अँटीव्हायरसनं फाइल धरून ठेवलेली असते वगैरे, तसं झालं तर एक चहा घ्या आणि बॅकअप मात्र तरीही घ्या. तुमच्याकडं तसं होणार नाही, नाव बदललेलं फोल्डर रीस्टार्टनं परत येत नसतं.

दुसऱ्या अॅडमिन अकाउंटनं आत गेलात की पहिल्यांदा सी ड्राइव्हमध्ये जागा किती आहे बघा. मी हे मुद्दाम सांगतोय, १२० जीबीची एसएसडी, त्यात कोरलड्रॉ, फोटोशॉप, वर डाउनलोड्समध्ये फ्लेक्सच्या फाइली, आणि मोकळी जागा शंभर एमबी, असल्या कॉम्प्युटरवर प्रोफाइल लोड होत नाही म्हणून रजिस्ट्री उचकटण्यात अर्थ नसतो. आधी जागा करा.

मग कॉपी. एक्सप्लोररमधून माउसनं ओढूनपण होते पण अर्ध्यात कुठल्यातरी फाइलवर अडते, म्हणून मी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड वापरतो. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा. कमांड अर्थातच इंग्रजीतच टाइप करायची, मी इथं फोनवर सांगतो तशी उच्चारून लिहितोय: रोबोकॉपी, मग अवतरण चिन्हात जुन्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग जिथं न्यायचं तिथला पत्ता, मग स्लॅश ई, स्लॅश एक्सजे, स्लॅश बी, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १, प्रत्येकाच्या मधे एक स्पेस. ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं. एक्सजे फार महत्त्वाचं, प्रोफाइलमध्ये काही खोटी फोल्डरं असतात जी फिरून परत स्वतःकडंच बोट दाखवतात, हे घातलं नाही तर कॉपी गोल गोल फिरत बसते आणि डी ड्राइव्ह भरतो. बी म्हणजे बॅकअपच्या हक्कानं वाच, परवानगी विचारू नको. आणि शेवटचे दोन अशासाठी की रोबोकॉपीला फाइल वाचता आली नाही तर तो दहा लाख वेळा परत प्रयत्न करतो, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून, तेवढं आयुष्य आपल्याकडं नाही.

एक सावधगिरी. या टप्प्यावर बरेच जण फोल्डरची ओनरशिप आपल्या नावावर घेतात, सगळ्या परवानग्या बदलतात, व्हिडिओत तसंच दाखवलेलं असतं. नका करू. मालक बदलताना मूळ युजरचे नाहीतर सिस्टिमचे हक्क उडाले तर एका दुखण्याची दोन होतात. आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी फार रखडत असेल तर डिस्क तपासणारं चेकडिस्क लगेच चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते पूर्ण स्कॅन म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं. आधी जेवढं निघतंय तेवढं काढा.

आता तुमच्या केसचं औषध. १५११ आला असेल तर युजर्स फोल्डरमध्ये जाऊन ‘मंगल’चं नाव परत ‘मंगा’ करा, स्पेलिंग आधी होतं तेच, अक्षर न् अक्षर. भाचा म्हणेल रजिस्ट्रीतला पत्ता बदलून ‘मंगल’ करू, म्हणजे नावपण राहील. होतं तसं, लॉगिनपण होतं, पण जुना पत्ता त्या एका ठिकाणी नसतो, तुमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरनं, शॉर्टकटनं, वनड्राइव्हनं आपापल्या वहीत तो लिहून ठेवलेला असतो, आणि मग पुढचे सहा महिने एकेक गोष्ट कुरकुरत राहते. सुंदर नावाचा फार सोस असेल तर आधी पाहिजे त्या नावानं लोकल अकाउंट बनवायचं, एकदा लॉगिन करायचं म्हणजे फोल्डर त्या नावानं बनतं, आणि मग त्याला मायक्रोसॉफ्टचा ईमेल जोडायचा. सीझन संपल्यावर करा, आत्ता नको.

नाव परत केल्यावरसुद्धा लॉगिन होईलच असं नाही, कारण रजिस्ट्रीत आता गुंता झालेला असतो. रजिस्ट्री एडिटर उघडा, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइललिस्ट. विंडोज एनटीच, नुसत्या विंडोजमध्ये शिरू नका, दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीत करंट व्हर्जन आहे, फोनवर निम्मे लोक तिथंच चुकतात. प्रोफाइललिस्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल डी ड्राइव्हवर ठेवा, काही बिघडलं तर परतीचा रस्ता तो.

डावीकडं एस-१-५ नं सुरू होणारी लांबलचक नावं दिसतील. शेवटी १८, १९, २० असलेल्या छोट्या तीन सिस्टिमच्या, त्यांना हात नाही लावायचा. लांब असलेल्या, २१ वाल्या, माणसांच्या. एकेकीवर क्लिक करा आणि उजवीकडं प्रोफाइल इमेज पाथ बघा. तुमच्याकडं बहुतेक एकच नंबर दोनदा दिसेल, एक साधा आणि एकाच्या शेपटीला डॉट बॅक. साध्याच्या पाथमध्ये युजर्सच्या पुढं ‘टेम्प’ लिहिलेलं असेल, बॅकवाल्याच्या पाथमध्ये ‘मंगा’. म्हणजे विंडोजनं तुमचा खरा उतारा बाजूला ठेवून तात्पुरता केलाय. अदलाबदल करायची: साध्या नावापुढं डॉट जुना असं काहीतरी लावा, इंग्रजीत ओल्ड लिहा, मग बॅकवाल्याचं डॉट बॅक काढून टाका. त्यानंतर त्याच्या उजव्या बाजूला स्टेट नावाची किंमत शून्य करा, रेफकाउंट असेल तर तीपण शून्य, नसेल तर बनवत बसू नका. रीस्टार्ट, आणि तुमच्या अकाउंटनं लॉगिन.

दोन नोंदी नसून फक्त बॅकवाली एकच असेल तर नुसतं डॉट बॅक काढा. फक्त साधी एकच असेल तर पाथ नीट वाचा, एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल. हे सगळं टेंपररी प्रोफाइलमध्ये बसून नका करू, ज्या फांदीवर बसलोय तीच कापणं आहे ते, साइन आउट करताना विंडोज तात्पुरती नोंद आवरायला येतं आणि तुमची दुरुस्तीपण त्यात वाहून जाऊ शकते. कुठला नंबर आपला हे ओळखता येत नसेल तर टेंपररीमध्ये असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये हू-अॅम-आय सलग जोडून, मग स्पेस, मग स्लॅश युजर टाइप करा आणि आलेल्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हे झालं भाच्याचं प्रकरण. १५०८ आला असेल तर मात्र लाइटचं प्रकरण आहे आणि ते जास्त त्रासाचं.

बॅकअप घेतलेल्या कॉपीतली एनटीयूजर डॉट डॅट बघा, मूळ नाही. लपलेली असते, एक्सप्लोररच्या व्ह्यू ऑप्शनमध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या दोन्ही प्रकारच्या फाइल दाखवायला लावा. साइज बघा, शून्य केबी असेल तर निकाल लागलाच. नसेल तर नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह न करता. चांगल्या फाइलची पहिली चार अक्षरं आर, ई, जी, एफ अशी असतात, पुढं सगळा कचरा दिसतो, तो तसाच असतो. त्या चार अक्षरांच्या जागी नुसती पोकळी असेल तर लाइट गेली तेव्हा एसएसडीनं तिथं शून्यं लिहून ठेवलीत. अक्षरं असली तरी आत खराब असू शकते, म्हणून पुढची परीक्षा: रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी युजर्सवर क्लिक करून फाइल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा फाइलमध्ये ठेवलेला तुकडा) घ्या, ती कॉपी दाखवा, नाव काहीही द्या, मी ‘तपास’ असं इंग्रजीत देतो. उघडली आणि आत सॉफ्टवेअर, कंट्रोल पॅनेल वगैरे फांद्या दिसल्या तर फाइल ठणठणीत आहे, म्हणजे दोष परवानगीचा नाहीतर कुणीतरी धरून ठेवल्याचा. मग मूळ फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी बघा, तुमच्या युजरला आणि सिस्टिमला दोघांनाही फुल कंट्रोल पाहिजे. बघून झालं की अनलोड हाइव्ह करायला विसरू नका. मूळ फाइल लोड करून तशीच सोडली आणि युजरनं लॉगिन केलं तर हाच एरर परत येतो, आणि मग माणूस नवा दोष शोधत बसतो जो त्यानंच घातलेला असतो. माझ्याबाबतीत झालंय, अर्धा तास गेला.

हाइव्ह उघडतच नसेल तर रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजनं आधी जपून ठेवलेली सिस्टिमची अवस्था, आहे का बघा, असेल तर लाइट जायच्या आधीच्या तारखेला न्या, प्रोफाइलची फाइलपण परत येते. पण विंडोज १० वर ही सोय बऱ्याच कॉम्प्युटरवर बंदच असते. नसेल तर खराब फाइल शिवत बसू नका. डिफॉल्ट युजरची एनटीयूजर आणून इथं बसवा असा सल्ला देणारे भेटतील, आतल्या परवानग्या दुसऱ्याच्या नावच्या असतात, मी तो रस्ता घेत नाही. नवीन अकाउंट बनवा, एकदा लॉगिन करून बाहेर या, आणि तिसऱ्या अकाउंटमधून जुन्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स नवीनमध्ये टाका. एनटीयूजरनं सुरू होणारं काहीही न्यायचं नाही. अॅपडेटा (सॉफ्टवेअर आपापला माल ठेवतात ते लपलेलं फोल्डर) सगळं उचलून ओतायचं नाही, लागेल तेवढंच. आउटलुकची पीएसटी, म्हणजे मेलची फाइल, असेल तर ती बहुतेक डॉक्युमेंट्समध्येच सापडते. क्रोमचे बुकमार्क न्यायला सोपे, बुकमार्क्स नावाची एकच फाइल असते, पण सेव्ह केलेले पासवर्ड नुसते कॉपी करून चालत नाहीत, ते जुन्या अकाउंटच्या किल्लीनं बंद केलेले असतात. गुगल अकाउंटला सिंक असतील तर परत येतील, नाहीतर ‘पासवर्ड विसरलो’ आहेच. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये शोधा, बरेच जण दुसऱ्याच रिकाम्या डेस्कटॉपकडं बघून रडतात.

आता तुमच्या पत्रिकेतल्या अक्षरांच्या खिचडीबद्दल, कारण हे बाकी कुठं कुणी सांगणार नाही. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं इन्स्टॉल म्हटलं की फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो, तुमच्याच प्रोफाइलमध्ये, अॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये, आणि नोंद होते तुमच्या एनटीयूजरमध्ये. टेंपररी प्रोफाइलला यातलं काहीच दिसत नाही. आपल्या डीटीपीवाल्यांची जुनी फाइल युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांची, नसते, आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं कातडं घालतो. फॉन्ट नाही म्हणजे कातडं नाही. म्हणून ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी तुम्हाला एक्स, ब्रॅकेट, डॉलर दिसतंय. फाइल खराब नाही. ती त्या अवस्थेत सेव्ह मात्र करू नका, काही सॉफ्टवेअर बदली फॉन्ट कायमचा लावून टाकतात.

प्रोफाइल परत आलं की, किंवा नवीन बनवलं की, त्या फोल्डरमधले सगळे फॉन्ट सिलेक्ट करून राइट क्लिक करा आणि यावेळी इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स घ्या. मग ते विंडोजच्या सामाइक फॉन्ट फोल्डरमध्ये बसतात आणि कुठल्याही अकाउंटनं पत्रिका उघडली तरी मराठीच दिसते. आज हे आधीच केलेलं असतं तर टेंपररीमध्ये का होईना, काम तरी चाललं असतं.

काही फुटकळ गोष्टी, वेगळ्या केसवाल्यांसाठी. लॉगिनच होत नाही, युजर प्रोफाइल सर्व्हिसचा मेसेज देऊन परत पासवर्डच्या स्क्रीनवर टाकतं आणि दुसरं अकाउंटही नाही, अशा वेळी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि आधी स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ नंबरचा सेफ मोड. तिथंही अडलं तर त्याच मेनूतला कमांड प्रॉम्प्ट उघडून रजिस्ट्री एडिटर चालवायचा, लोकल मशीनखाली विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली सॉफ्टवेअर नावाची हाइव्ह लोड करायची आणि तिच्यातलं प्रोफाइललिस्ट दुरुस्त करायचं. तिथं सी ड्राइव्हचं नाव कधी कधी डी होतं, गोंधळू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ आकडी किल्ली मागेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते का ते मोबाइलवरून आधी बघून ठेवा.

जुनं अकाउंट चालतं पण नवीन बनवलेलं कुठलंच लॉगिन होत नाही, असं असेल तर युजर्समधलं लपलेलं डिफॉल्ट फोल्डर खराब आहे, नवीन माणसाचं प्रोफाइल त्याच साच्यातून निघतं. त्याच व्हर्जनच्या दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून ते आणावं लागतं. ऑफिसमधल्या सर्व्हरवरून येणाऱ्या प्रोफाइलची गोष्ट वेगळी, तिथं स्वतः हात घालू नका, तुमच्या आयटीवाल्याला गाठा.

आणि दर वेळी लाइट किंवा भाचाच दोषी असतो असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचंच केबी ४५३२६९३ नंबरचं अपडेट आलं होतं, त्यानंतर काही लोकांना असाच कोरा डेस्कटॉप दिसला, आणि फाइली त्याच युजर्स फोल्डरमध्ये शेपटी लावलेल्या दुसऱ्या नावाखाली पडलेल्या होत्या. तेव्हा ज्यांनी घाईनं फॉरमॅट मारला त्यांचं नुकसान झालं, ज्यांनी फोल्डर उघडून बघितलं त्यांचं नाही झालं. आता विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, तेव्हा अपडेटवर संशय घ्यायची वेळ तुमच्यावर फारशी येणार नाही, पण ते काही चांगलं लक्षण नव्हे, त्याबद्दल वेगळं बोलू.

लॉगिन नीट झालं की लगेच कामाला लागू नका. दोनदा साइन आउट करून परत आत या, एकदा रीस्टार्ट करा, प्रोफाइललिस्टमध्ये नवीन डॉट बॅक आलं नाही ना बघा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अॅडमिन म्हणून एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड एकदा होऊ द्या, आणि आता चेकडिस्कपण चालवायला हरकत नाही, कारण बॅकअप हातात आहे. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा, हेल्थ स्टेटसवर गुड सोडून दुसरं काही लिहिलेलं असेल तर प्रोफाइल दुरुस्त करून उपयोग नाही, महिन्याभरात परत इथंच याल. यूपीएसची बॅटरी बदला, बॅटरीचा खर्च एका अडकलेल्या ऑर्डरच्या पुढं काहीच नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या आज सकाळच्या नोंदीचा आणि प्रोफाइललिस्टच्या डाव्या बाजूचा फोटो काढून टाका, एसचा लांब नंबर अर्धा झाकला तरी चालेल. १५११ आहे की १५०८ एवढं कळलं की पुढचं लगेच सांगतो. आणि ते ‘मंगल’चं परत ‘मंगा’ तुम्ही स्वतः करा, भाच्याला लांब बसवा.